तार काढली, नोंदवही ठेवली

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : 1959 चा सराईत गुन्हेगार कायदा रद्द करणे आणि त्याखालच्या नोंदवह्या बंद करणे

महोदय,


सोलापूर म्हटलं की मंत्रालयात चादरी, शेंगाचटणी, गड्ड्याची यात्रा आणि उजनीचं पाणी आठवतं. निवडणूक जवळ आली की विमानसेवाही आठवते. या पत्राचा विषय यांपैकी नाही. आमच्या शहरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे, तिच्याबद्दल हे पत्र आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं तरी पुरतं, तो पुढचं काही विचारत नाही. तिथली माणसं आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहितात तो असा : सेटलमेंट फ्री कॉलनी, आणि पुढे कॉलनीचा नंबर.

हा पत्ता कसा तयार झाला हे सोलापुरातही अर्ध्या लोकांना माहीत नाही, म्हणून थोडं मागे जातो. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 साली त्याची व्याप्ती वाढवली आणि तो मुंबई इलाख्यातही आला. 1924 साली तो पुन्हा नव्याने लिहिला गेला. एखाद्या माणसाने काय केलं हे या कायद्याला बघायचंच नव्हतं. तो कोणाच्या पोटी आला एवढं पुरे होतं. सरकारने अधिसूचना काढायची, अमुक जमात गुन्हेगार आहे असं जाहीर करायचं, की त्या जमातीची माणसं नोंदवहीत चढायला लागली. बोटांचे ठसे द्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. याच कायद्यात सरकारला अशी मुभा होती की सहा वर्षांपुढची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवावीत. आणि शिक्षेचं कलम तर वाचण्यासारखं आहे. परिशिष्टातल्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या नोंदणीकृत माणसाला किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळ्या पाण्याची. त्याच गुन्ह्यासाठी शेजारच्या गल्लीतल्या, नोंदवहीत नसलेल्या माणसाचा हिशेब न्यायाधीश साध्या दंडसंहितेने करायचा.

मुंबई इलाख्यात या कायद्याखालच्या वसाहती उभारण्याचं काम ओ. एच. बी. स्टार्टे या आयसीएस अधिकाऱ्याने केलं. हेच ते स्टार्टे, ज्यांच्या अध्यक्षतेखाली 1928 साली अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली आणि ज्या समितीवर डॉ. आंबेडकर सभासद होते. माणूस सरळ दुष्ट नव्हता, आणि गोष्ट अवघड होते ती तिथेच. त्याला खरंच वाटत होतं की तारेच्या आत शाळा काढली, काम दिलं, दारू बंद केली, की माणूस सुधारतो. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशा वसाहती झाल्या. सोलापूरची काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. कैकाडी, पारधी, भामटे, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबं काटेरी तारेच्या आत आणून बसवली.

सोलापूरच का, याचं उत्तर गिरण्यांच्या भोंग्यात आहे. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली होती. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. गिरण्यांना हात हवे होते आणि सरकारला हजेरी हवी होती. ज्या मजुराला संप करून गावी जाता येत नाही, ज्याच्या गैरहजेरीची खबर मुकादमाकडून थेट वसाहतीच्या अधिकाऱ्याकडे जाते, त्याच्याइतका सोयीचा मजूर गिरणीमालकाला दुसरा कुठे मिळणार? पाळी सुटली की तारेच्या फाटकावर पुन्हा नाव सांगायचं, आत जायचं. गिरणीच्या मस्टरवर तो कामगार, फाटकातल्या वहीत तोच गुन्हेगार, आणि दोन्ही नोंदी एकाच दिवसाच्या.

ज्यांची वागणूक वर्षानुवर्षं चांगली राहिली त्यांना तारेबाहेरच्या खोल्यांत राहायला पाठवत. या खोल्यांच्या रांगांना फ्री कॉलनी म्हणायचे. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या अर्जावरच्या पत्त्यात सेटलमेंट आणि फ्री हे दोन्ही शब्द आहेत ते या कारभारातल्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी कैद, दुसरी बढती. तिसरी पायरी, म्हणजे कोणाच्याही परवानगीवाचून साधं राहणं, त्या कारभारात नव्हती.

आता कायदा कसा उठला आणि कसा परत आला ते बघू. इथे माझी विनंती आहे की साल वाचताना घाई करू नये.

आपल्या मुंबई प्रांताने गुन्हेगार जमाती कायदा 1949 मध्ये रद्द केला. देशभर तो 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला, म्हणून आमच्याकडे 31 ऑगस्टला विमुक्त दिन साजरा होतो. पंडित नेहरूंच्या हातून इथली तार तुटली आणि या जमातींसाठी 'विमुक्त' हा शब्द तेव्हापासून रुजला, असं सेटलमेंटमधली जुनी माणसं अजून अभिमानाने सांगतात. इथपर्यंत सगळं छान. पण प्रांताच्या कायद्यांच्या पुस्तकात याच काळातला आणखी एक कायदा आहे : सराईत गुन्हेगार निर्बंध कायदा, साल 1947. म्हणजे जुनं कुलूप काढायच्या दोन वर्षं आधी नवं कुलूप दाराला लावून ठेवलं होतं. मग 1959 साली तोच विषय घेऊन अधिक सविस्तर असा सराईत गुन्हेगार कायदा आला. तो महाराष्ट्र राज्य होण्याआधीचा आहे. राज्याने तो मुंबई राज्याकडून घेतला आणि ठेवला.

जुन्या कायद्यात जमात नोंदवली जायची, नव्यात माणूस. हा फरक छोटा नाही, आणि मी तो नाकारत नाही. नव्या कायद्याखाली माणसाला ठरावीक गुन्ह्यांत वारंवार शिक्षा झालेली असावी लागते. पण पुढची सगळी यंत्रणा बघा. जिल्हा दंडाधिकाऱ्याने नोंदवही ठेवायची. बोटांचे ठसे घ्यायचे. माणसाने मुक्कामाचं ठिकाण कळवायचं, हलला तर कळवायचं. त्याच्या फिरण्यावर हद्दीचं बंधन घालता येतं. आणि गरज वाटली तर त्याला सुधार वसाहतीत ठेवता येतं. नोंदवही, ठसे, हजेरी, हद्द, वसाहत. 1924 च्या या यंत्रणेतून एवढीच गोष्ट वगळली की माणसाच्या नावाआधी जमातीचं नाव लिहायचं नाही. ते लिहायचं काम मग पोलीस ठाण्यावर सोडून दिलं.

मी सोलापूरच्या न्यायालयात वकिली करतो. फौजदारी काम आहे, बहुतेक रिमांडचं. रिमांडच्या अर्जाची भाषा ठरलेली असते. तपास अधिकारी वेळेअभावी जुन्या अर्जावरून नवा अर्ज टाईप करून घेतात, त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही, एका अधिकाऱ्याकडे किती कामं असतात ते मी बघतो. पण त्या ठरलेल्या भाषेत एक परिच्छेद असा येतो की आरोपी अमुक जमातीचा आहे, त्याचे नातेवाईक याच स्वरूपाचे गुन्हे करतात, त्याला जामीन मिळाला तर तो फरार होईल. आरोपी एकोणीस वर्षांचा आहे, त्याच्यावर आधी एकही गुन्हा दाखल नाही, तो एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, हे सगळं खालच्या ओळीत. वरच्या ओळीत त्याचा आजा. मी हरकत घेतो, न्यायाधीश ती ओळ बाजूला ठेवतात, तेवढ्यापुरतं काम होतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पोराच्या अर्जात तीच ओळ पुन्हा असते. कोणाच्या मनात वाईट असतं म्हणून नव्हे, संगणकात तो नमुना असतो म्हणून.

दुसरी गोष्ट घरी येणाऱ्या शिपायांची. शहरात मोठी चोरी झाली, गणपतीत किंवा गड्ड्याच्या यात्रेत सोनसाखळ्या गेल्या, की ठाण्याचं माणूस वस्तीत येतं. घरातले पुरुष कुठे आहेत ते विचारतं. कोणी गावी गेलेला असेल तर कुठल्या गावी, कोणाकडे, कधी येणार, हे टिपून घेतं. ज्या बाईला हे विचारलं जातं तिचा मुलगा कदाचित पुण्याला कंत्राटी कामावर गेलेला असतो. तिला हे विचारणं बेकायदेशीर आहे असं वाटतच नाही, कारण तिच्या सासूलाही हेच विचारत होते. शिपायालाही तसं वाटत नाही, कारण त्याच्या आधीचा शिपाईही हेच विचारायचा. या विचारपुशीला आज 1959 च्या कायद्याचा आधार लागतोच असं नाही. कायदा पुस्तकात आहे एवढ्या भरवशावर ती चालते.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये जातीवरून कामं वाटण्याच्या ज्या तरतुदी होत्या त्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या, हे वर्तमानपत्रांत ठळक आलं. त्याच निकालात सराईत गुन्हेगार या वर्गवारीविषयी बरंच लिहिलेलं आहे, ते फारसं कोणी छापलं नाही. या वर्गवारीचा वापर विमुक्त जमातींना लक्ष्य करण्यासाठी झाला, हे न्यायालयाने मान्य केलं. विमुक्तांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये म्हणून 2014 च्या अर्नेश कुमार निकालातली आणि 2024 च्या अमानतुल्ला खान निकालातली तत्त्वं पोलिसांनी पाळावीत, असंही सांगितलं. तुरुंगाच्या नियमावलीत सराईत कोणाला म्हणायचं, यासाठी न्यायालयाने बोट दाखवलं ते राज्याच्या सराईत गुन्हेगार कायद्यातल्या व्याख्येकडे. म्हणजे महोदय, बोट आता तुमच्या पुस्तकाकडे आहे. त्या पुस्तकात ही व्याख्या ठेवायची की नाही, हे न्यायालय ठरवणार नाही. ते विधानभवनात ठरायचं आहे.

हे काही आजच कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2000 सालीच हे कायदे रद्द करावेत अशी शिफारस केली. 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने भारताला तेच सांगितलं. विमुक्त-भटक्यांच्या पहिल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके, ज्यांची चळवळ याच सोलापुरात उभी राहिली, त्यांचा अहवाल 2008 चा आहे. त्यानंतर दादा इदाते आयोग झाला. अहवाल येतात, त्यांच्या शिफारशींवर चर्चासत्रं होतात, चर्चासत्रांना पुन्हा तेच वक्ते येतात. सेटलमेंटमधल्या एका पदवीधर पोराने मला एकदा विचारलं, आयोग नेमायला किती दिवस लागतात आणि कायदा रद्द करायला किती? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल, कारण हा कायदा रद्द करण्याचं विधेयक तुमच्याच सरकारने आणायचं आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. चोऱ्या होतात. लहान दुकानदाराचं घर फुटतं, लेकीच्या लग्नासाठी केलेले दागिने जातात, आणि ज्याचं जातं त्याला माझी ही वकिली ऐकून संताप येणार. पुन्हा पुन्हा गुन्हे करणारी माणसं असतात आणि ती सगळ्या जातींत असतात. विमुक्त जमातींतही असतात, त्यांना संत म्हणून उभं करण्यात मला रस नाही. पोलिसांचा प्रश्न असतो की कायदा काढला तर आमच्या हातात काय उरेल? म्हणून उरतं ते सांगतो. तडीपारीसाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमं 55, 56, 57 आहेत. सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत सापडलेल्यासाठी कलम 122 आहे. चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्यासाठी नव्या नागरिक सुरक्षा संहितेची 128 आणि 129 ही कलमं आहेत, जुन्या संहितेतली 109 आणि 110. स्थानबद्धतेसाठी 1981 चा एमपीडीए आहे. संघटित टोळ्यांसाठी 1999 चा मकोका आहे. सोलापूरच्या न्यायालयात मी या प्रत्येक कायद्याखालची प्रकरणं बघितली आहेत. 1959 च्या कायद्याखाली नियमाप्रमाणे नोटीस देऊन, म्हणणं ऐकून घेऊन नोंदणी केल्याचं प्रकरण माझ्यासमोर कधी आलेलं नाही. ज्या हत्याराचा वापर उघडपणे होत नाही आणि ज्याची सावली मात्र पडते, ते कपाटात कशाला ठेवायचं?

आणि पोलिसांनाच दुसरा रस्ता सापडला होता, तोही आमच्याच जिल्ह्यात. सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 2021 मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांवर हातभट्टीसाठी वर्षानुवर्षं छापे पडत होते. छापा पडायचा, रसायन ओतून दिलं जायचं, बाईमाणसांवर गुन्हे दाखल व्हायचे, आणि आठवड्यात भट्टी पुन्हा पेटायची. सातपुते यांनी छापे बंद केले नाहीत. पण एकेक गाव एकेका अधिकाऱ्याकडे दिलं आणि भट्टी सोडणाऱ्याला दुसरं काम मिळवून द्यायचं कामही त्याच अधिकाऱ्यावर टाकलं. शिवणकाम, मण्यांच्या माळा, किराणा दुकान, बँकेत खातं, शाळा सुटलेल्या पोरांची भरती. मुळेगाव तांडा बंजारा समाजाचा आहे, आणि हा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. म्हणजे ज्या ठाण्याच्या वहीत ही माणसं गेली शंभर वर्षं एकाच रकान्यात होती, त्याच ठाण्याने त्यांच्यासाठी नवा रकाना उघडला. त्यात सगळंच सुरळीत झालं असं कोणी म्हणणार नाही. अधिकारी बदलला की मोहिमेचा जोर उतरतो, हे आपल्याकडचं नेहमीचं आहे. पण त्यासाठी 1959 चा कायदा लागला नाही, एवढं नक्की.

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण ते अगदी आपल्यासारखं आहे. फ्रान्सने 1912 साली भटक्या लोकांसाठी ठशांची आणि शरीराच्या मापांची वही सक्तीची केली. 1969 साली ती काढली आणि तिच्या जागी फिरतीची नवी कागदपत्रं आणली, त्यावरही ठरावीक काळाने पोलिसांचा शिक्का घ्यायचा होता. नाव बदललं, शिक्का राहिला. 2012 साली तिथल्या घटना परिषदेने त्यातला काही भाग रद्द केला आणि 2017 साली संसदेने उरलेलाही काढून टाकला. पहिल्या वहीपासून शेवटच्या कागदापर्यंत एकशे पाच वर्षं गेली. आपल्याकडे 1871 पासून मोजायचं तर आपण केव्हाच त्यांच्या पुढे गेलो आहोत.

आता या पत्रातली मुख्य मागणी, आणि ती नुसत्या रद्द करण्याची नाही. कायदा रद्द झाला की त्याखाली आधी झालेलं सगळं आपोआप मिटतं, असा गैरसमज आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1904 च्या कलम 7 प्रमाणे कायदा निरसित झाला तरी त्याखाली पूर्वी केलेल्या गोष्टी, निर्माण झालेली बंधनं, सुरू झालेल्या कारवाया टिकतात, जोपर्यंत निरसन करणारा कायदा वेगळं म्हणत नाही. 1949 साली हेच घडलं. कायदा गेला, पण ठाण्यातल्या याद्या गेल्या नाहीत, आणि याद्यांमधून कायदा परत आला. म्हणून यावेळचं विधेयक एका ओळीचं नको. त्यात स्पष्ट लिहावं की या कायद्याखालची नोंदणी, ठसे आणि याद्या बंद झाल्या, त्यांचा आधार कोणत्याही अर्जात, अहवालात किंवा रिमांडच्या कागदात घेता येणार नाही, आणि तपास अधिकाऱ्याच्या नमुन्यातून जमातीचा परिच्छेद काढला जाईल. शेवटची गोष्ट तर विधेयकाशिवायही होते. पोलीस महासंचालकांचं एक परिपत्रक पुरेल.

आता याद्यांचं काय करायचं? उत्साही मित्र म्हणतात, जाळा. नका जाळू. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हतं, ज्यांचं लग्न कुठल्या दप्तरात नोंदलेलं नाही, त्यांनी हा पुरावा आणायचा कुठून? सेटलमेंटच्या शाळेचं जुनं रजिस्टर आणि तारेच्या आतल्या हजेरीची वही, एवढेच कागद कित्येक घरांच्या हाती आहेत. ज्या वहीने आजोबांना बांधलं, तीच नातवाला शिष्यवृत्ती मिळवून देते. ऐकायला विचित्र वाटतं, पण जात पडताळणीच्या कार्यालयात मी अशा झेरॉक्स हातात घेऊन उभी असलेली माणसं बघितली आहेत. म्हणून 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचं सगळं दप्तर ठाण्यांतून, जुन्या कचेऱ्यांतून आणि मिशनकडे काही उरलं असेल तर तिथूनही गोळा करून राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे द्यावं. त्याचं स्कॅनिंग व्हावं. ज्याच्या घराण्याची नोंद असेल त्याला ती विनाशुल्क मिळावी, आणि पोलिसाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळू नये. त्या तारखेनंतरच्या याद्या मात्र पुराव्यासाठी कोणाला लागत नाहीत, त्या बंद होऊ द्या.

या वस्त्यांना पैसा, घरं, शाळा हवं आहे, हे मला ठाऊक आहे. महामंडळ आहे, वसतिगृहं आहेत, केंद्राची सीड योजना आहे, आणि त्यांची कथा वेगळ्या पत्राची आहे. या पत्रात मी एकच गोष्ट मागतो, कारण ती स्वस्त आहे. कायदा रद्द करायला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही, जमीन संपादित करावी लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. विरोधी पक्षही विरोध करणार नाही असं मला वाटतं, कारण सगळ्याच पक्षांचे नेते 31 ऑगस्टला विमुक्त दिनाच्या शुभेच्छांचे फलक लावतात.

पावसाळी अधिवेशनात विधेयक आलं तर 31 ऑगस्टच्या आधी राज्यपालांची सही होऊ शकते. त्या दिवशी सोलापुरात आलात तर फलकासाठी जागा सोडून द्यावी, सेटलमेंटमध्ये कोणाच्याही ओट्यावर बसावं आणि विधेयकाचा मसुदा वाचून दाखवावा. तिथे बरेच वकील आहेत, पोलीस भरतीत गेलेली पोरं आहेत, एक-दोन तहसीलदारही आहेत. कलम 7 चा अपवाद मसुद्यात आहे की नाही, ते तिथेच बघून सांगतील.

प्रत माहितीसाठी : पोलीस आयुक्त, सोलापूर शहर, पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण, विधी व न्याय विभाग, मंत्रालय.

आपला,
सोलापूर जिल्हा न्यायालयातला एक वकील